मनिलाहून दत्तास

मनिला,
14 सप्टेंबर

प्रिय दत्ता,

तुझं पत्र पोचलं. सुमीच्या नर्स म्हणून जर्मनीला जाण्यावरून घरात रामायण चाललंय म्हणतोस. आपल्या महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी माणसं पाठवायचा करार केला, तेव्हापासून आपल्या ओळखीतल्या कितीतरी पोरींनी जर्मनचा क्लास लावलाय. इथल्या, म्हणजे फिलिपाईन्समधल्या, नर्स एवढ्या बाहेर जातात त्या का, असं विचारलंस. इथे राहून जे दिसतं ते लिहितो. वहिनींना दाखवायचं की नाही ते तू ठरव.

पगाराचं आधी उरकतो. इथल्या 2002 च्या नर्सिंग कायद्याने सरकारी नर्सची पगारश्रेणी वाढवली, पण पैसे हातात पडायला 2020 उजाडलं, तेही आदल्या वर्षी सुप्रीम कोर्टाने निकाल दिला म्हणून. आता सरकारी नोकरीत नव्या नर्सला महिना 36 हजार पेसोंच्या वर मिळतात. खाजगी रुग्णालयांना ती श्रेणी लागूच नाही; गावाकडे कित्येकींना त्याच्या निम्मेसुद्धा मिळत नाहीत. 2004 मध्ये तर डॉक्टरकीच्या परवाना परीक्षेत देशात पहिला आलेला मुलगा अमेरिकेत नर्स व्हायला निघाला. त्या सुमारास चांगले डॉक्टर नर्सिंगच्या वर्गात जाऊन बसत होते. आणि आपल्याकडची पोरं डॉक्टर व्हायला लाखो रुपये भरून याच देशात, दावाओला येतात!

पण नुसत्या पगाराने एवढी माणसं हलत नाहीत. इथे बाहेर जायची वाट सरकारनेच बांधून दिलीय. अमेरिकनांनी त्यांच्या राज्यात इंग्रजीतून नर्सिंग शिकवायला सुरुवात केली. 1948 नंतर प्रशिक्षणाच्या नावाखाली नर्स अमेरिकेला जाऊ लागल्या. मग 1974 मध्ये तेव्हाचा हुकूमशहा राष्ट्राध्यक्ष मार्कोस याने माणसं बाहेर पाठवणं हे सरकारी धोरणच करून टाकलं. देशात काम नव्हतं, आखातात तेलाचा पैसा वाहत होता. तात्पुरती म्हणून केलेली ती सोय. आज तिच्यासाठी वेगळं मंत्रालय आहे. 2024 मध्ये परदेशातून घरी आलेला पैसा 38 अब्ज डॉलरच्या वर गेला. एवढी गंगाजळी कोण आटवणार? कोविडमध्ये नर्सना बाहेर सोडणं बंद केलं होतं, पण ते वर्ष सरायच्या आत वर्षाला 5 हजार जणींना मोकळीक दिली आणि पुढे तो आकडाही वाढवला.

मला खुपतं ते निराळंच. पोरांनी काय शिकायचं, हेच बाहेर काय खपतं ते बघून ठरतं. माझ्या घरमालकिणीची थोरली रियाधला नर्स आहे. तिला व्हायचं होतं शिक्षिका. पण फी मावशीने भरली, ती नर्सिंगच घ्यायचं या बोलीवर. ही मावशी स्वतः शिक्षिका, आणि हाँगकाँगमध्ये घरकाम करते! आता थोरली धाकट्या भावाला बोटीवरच्या इंजिनिअरिंगला घालतेय. त्याला विचारलं कुणी? मला तरी तसं दिसलं नाही.

गेल्या आठवड्यात तिचं खोकं आलं. कॉर्न्ड बीफचे डबे, शॅम्पू, टॉवेल, चॉकलेटं, आणि प्रत्येक वस्तूवर ज्याची त्याची नावाची चिठ्ठी. कोपऱ्यावरच्या दुकानदारिणीचंही नाव होतं. तिची उधारी असते ना. थोरलीच्या पोराचे बूट मात्र पायात जाईनात. आजीने कागदावर त्याचं पाऊल रेखून मापाचा फोटो पाठवला होता, पण खोकं समुद्रावरून येतं, महिने लागतात, तेवढ्यात पोरगं वाढलं. आजीने बूट लगेच शेजारच्या पोराला देऊन टाकले. घरात कुणाला त्याचं काही वाटलं नाही, आणि मला तेच जास्त लागलं.

सुमीचं तसं नाही. नर्स व्हायचं तिचं तिने ठरवलं, तू आडवा आला नाहीस. तेव्हा माझं मत विचारशील तर जाऊ दे तिला. फक्त एजंटाच्या सांगण्यावरून कर्ज काढू नकोस. इथल्या मुली 2013 पासून सरकारी करारातून जर्मनीला जातात, तरी पदवीला तिथली मान्यता मिळेपर्यंत त्यांना मदतनीस म्हणूनच राबावं लागतं, पगारही कमी. ते दिवस कसे काढायचे याचा हिशोब आत्ताच मांडा. आणि मागे तू वरचा मजला चढवायचं बोलला होतास. तो तिच्या पैशांवर चढवायचा असेल, तर सही करायच्या आधी तिला तसं स्पष्ट सांग.

काकांच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश