सोबत जाणारा शिक्षक रजेवर नसतो

संपादक महोदय,

शाळेतली मुले परदेशी जाऊन तिथल्या कुटुंबात पंधरा दिवस राहतात, तिकडची मुले आपल्या घरी येऊन राहतात. या अदलाबदलीचे कौतुक व्हायलाच हवे. पण सोबत गेलेल्या शिक्षकाला परतल्यावर ऐकावे लागते, ‘काय टीचर, फुकटात फॉरेन झाले ना?’ मी गोव्यात फोंडा तालुक्यात फ्रेंच शिकवते. अकरा मुलांना घेऊन फ्रान्सला गेले, ते सगळे दिवस माझ्या हक्काच्या रजेतून कापले गेले. म्हणून हे पत्र.

काम निघण्याच्या चार महिने आधी सुरू होते. अल्पवयीन मुलाच्या शेंगेन व्हिसासाठी (फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) आई-वडील दोघांची संमती लागते आणि आपल्याकडे कितीतरी मुलांचे वडील बोटीवर किंवा आखातात असतात. एका मुलीच्या बाबांची सही मिळवायला त्यांची बोट कुठल्या बंदराला कधी लागते, हे मी महिनाभर रोज विचारत होते. १५ वर्षांखालच्या मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो आणि परतीनंतरही तो निदान तीन महिने चालू असावा लागतो. दोघांचे त्यात अडले. शिवाय प्रत्येकाचा ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा. हे सगळे शाळा सुटल्यावर.

पॅरिसच्या विमानतळावर जे झाले ते मी विसरू शकत नाही. आमच्यातल्या दोघींकडे पोर्तुगीज पासपोर्ट होते. आजोबा १९६१ पूर्वीच्या, पोर्तुगीज राजवटीतल्या गोव्यात जन्मलेले, तो वारसा. त्यामुळे त्यांची रांग वेगळी, युरोपीय नागरिकांची. दोघी पाच मिनिटांत पलीकडे गेल्या. मी उरलेल्या नऊ जणांबरोबर लांबलचक रांगेत. चौदा वर्षांच्या दोन मुली पाऊण तास अनोळखी देशात एकट्या उभ्या होत्या. रांग वळली की काचेपलीकडे त्यांच्या पिवळ्या टोप्या दिसायच्या, पुन्हा दिसेनाशा व्हायच्या. त्या दिवशी दुसरा शिक्षक सोबत असता तर ही वेळ आलीच नसती. खर्च वाचवायला एकटीलाच पाठवले होते.

तिसऱ्या रात्री दीड वाजता फोन आला. ‘टीचर, म्हाका घरा वचपाचें आसा.’ (मला घरी जायचे आहे.) मुलगा दबक्या आवाजात रडत होता, यजमान उठू नयेत म्हणून. गोव्यात तेव्हा पहाटेचे पाच. त्याची आई साडेपाचला उठते हे मला ठाऊक होते. तोवर आम्ही त्याच्या घरच्या कुत्र्याबद्दल बोलत राहिलो. मग त्याने आईला फोन लावला. सकाळी तो यजमानांच्या मुलामागोमाग सायकलवरून शाळेत आला.

इकडे माझ्या आठवीच्या वर्गाचे तास मात्र रिकामे गेले. बदली शिक्षक नेमायचे कुणाला सुचले नाही.

शिक्षण खात्याने आणि शाळांच्या व्यवस्थापनांनी याचे नियम लेखी करावेत, ही कळकळीची विनंती. गट लहान असला तरी दोन शिक्षक हवेत, मुली असतील तर त्यात एक महिला हवीच. प्रवासाचे सगळे दिवस कामाचे धरले जावेत. मूल आजारी पडले, पालकांशी संपर्क झाला नाही, तर उपचाराचा निर्णय कोण घेणार, हे पालकांच्या सहीने आधीच ठरलेले असावे. त्या कागदाशिवाय परक्या दवाखान्यात कुणाच्या तरी लेकराला घेऊन बसायची पाळी कोणत्याही शिक्षकावर येऊ नये.

आपली,
एक शिक्षिका, फोंडा