फोटोत नसलेला चौथा

प्रिय लेकी,

तुझ्या डोंगरातल्या पायी प्रवासाचा नकाशा गेले चार दिवस जेवणाच्या टेबलावर पसरलाय आणि आम्ही दोघं ताटं मांडीवर घेऊन जेवतोय. आईची तक्रार नाही. येता-जाता ती त्या लाल रेषेवरून बोट फिरवते आणि काही न बोलता निघून जाते. मी मात्र पेन्सिल घेऊन बसलो. २८ दिवस, तिघीजणी, सहा खिंडी आणि मधे जेमतेम दोनदा वस्ती. आखणी चांगली केली आहेस. हे कौतुक आधीच करून ठेवतो, कारण पुढे मी भरपूर किरकिर करणार आहे. पण त्याआधी एक कबुली द्यायची आहे.

बाहेरच्या खोलीतला तो फोटो. मी आणि माझे दोन मित्र खिंडीतल्या दगडांच्या राशीपाशी उभे, मागे धुकं, तिघांचेही दात दिसताहेत. लहानपणी तू विचारायचीस, "तुम्ही चौघं गेला होतात ना, मग काका कुठाय?" मी सांगायचो, "तो फोटो काढतोय." ते खोटं होतं. कॅमेरा एका खडकावर ठेवून टायमर लावला होता. काका त्याच खडकाच्या आडोशाला गुडघे पोटाशी घेऊन बसला होता आणि आम्ही त्याला म्हणत होतो, "ऊठ रे, नाटकं पुरे."

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. रात्री भिजलेला तंबू वाळवण्यात सकाळ गेली आणि निघायलाच साडेनऊ वाजले. दुपारी एकच्या सुमारास खिंडीखाली एक सपाट जागा लागली. पाणी होतं, वाऱ्याला आडोसा होता. झिमझिम सुरू झाली होती. काका म्हणाला, आज इथेच राहू, उद्या पहाटे चढू. आम्ही तिघांनी त्याला वेड्यात काढलं. कारण काय, तर सगळ्या खिंडी पार करून येणार असं घरी, मित्रांत, जो भेटेल त्याला सांगून निघालो होतो. दुसरं कारण आजतागायत मला सापडलेलं नाही.

वर बर्फ नव्हता, हे नीट लक्षात घे. माझ्या सॅकला लटकवलेला थर्मामीटर ७ अंश दाखवत होता. सात अंशांत कोण गारठून मरतं, असं आम्हाला वाटायचं. मरतात माणसं. ओले कपडे आणि वारा एकत्र आले की शरीराची ऊब झपाट्याने जाते, त्यासाठी पारा शून्याखाली जावा लागत नाही. आमच्या अंगात सुती शर्ट होते. सुती कापड भिजलं की अंगाला चिकटून बसतं आणि लवकर वाळत नाही. लोकर निदान भिजल्यावरही थोडी ऊब धरून ठेवते.

काका आधी गप्प झाला. मग चिडचिड करायला लागला. बुटाच्या नाडीवर, माझ्या गाण्यावर, कशावरही. आम्हाला वाटलं, रुसलाय. मग तो सपाटीवरही ठेचकाळायला लागला. साडेचारला खिंडीत पोचलो, फोटो काढला. उतरायला लागून वीसेक मिनिटं झाली असतील, त्याने जॅकेटची झिप लावायचा प्रयत्न केला आणि त्याला ती लावता येईना. स्वतःच्या बोटांकडे तो अशा नजरेने पाहत होता की जणू ती दुसऱ्या कुणाची आहेत. आणि त्याचं कुडकुडणं थांबलं होतं. मी तर खूश झालो होतो, म्हटलं, चला, ऊब आली. खरं तर ते उलटं होतं. माणूस थंडगार आहे, बोलताना अडखळतोय आणि तरी कुडकुडत नाही, याचा अर्थ शरीराने हात टेकलेत.

पुढचं थोडक्यात सांगतो. घसाऱ्यावरच, म्हणजे सुट्या दगडगोट्यांच्या उतारावर, तंबू वाकडातिकडा उभा केला. चौघांच्या मिळून सामानात एकच कपड्यांचा जोड कोरडा होता, माझा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला. तो त्याला घातला, दोन स्लीपिंग बॅगांत गुंडाळलं, दोघं त्याला चिकटून बसलो. पेला हातात धरता यायला लागल्यावर गरम गोड पाणी पाजलं. अडीच तासांनी त्याचे दात पुन्हा वाजायला लागले. कुणाचे दात वाजताना ऐकून इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

घरी येऊन आम्ही सांगितलं की वादळात खिंड पार केली. काकानेही तेच सांगितलं. त्याला लाज वाटत होती. आम्हाला त्याहून जास्त वाटायला हवी होती. फोटो मोठा करून फ्रेम केला, आणि तू त्याच्याकडे बघत मोठी झालीस.

आता नकाशावरच्या माझ्या खुणा.

दहाव्या दिवसापाशी प्रश्नचिन्ह आहे. नवव्या रात्री तुमचा मुक्काम ३,००० मीटरवर आणि दहाव्या रात्री थेट ३,७०० वर. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं, असं डोंगरातले डॉक्टर सांगतात. दिवसा कितीही चढा, रात्री खाली येऊन झोपा. उंची बाधते ती पायांत दम असलेल्यालाही बाधते. उलट दमदार माणूस भरभर चढतो, म्हणून त्याला आधी बाधू शकते. डोकं दुखतंय, जेवण नको वाटतंय, मळमळतंय, अशा वेळी आणखी वर जायचं नाही. आणि तिघींतली एखादी झोकांड्या खायला लागली, असंबद्ध बोलायला लागली किंवा नुसतं बसूनही तिला धाप लागली, तर सकाळची वाट बघायची नाही. लगेच खाली. याला खाली उतरण्याइतका चांगला इलाज नाही, आणि सामान तिथेच राहिलं तरी चालेल.

अकराव्या दिवशी खिंडीपाशी मी "५" लिहिलंय. म्हणजे पहाटे पाचला निघायचं. तू आठ लिहिलं होतंस. गणित करून बघ. विल्यम नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा हिशोब दिला होता, अजून तोच चालतो. दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. तुमच्या तळापासून खिंड ५ किलोमीटर आणि ७०० मीटर चढ, म्हणजे सव्वादोन तासांच्या आत. पण त्या हिशोबात पाठीवरचे १६ किलो नाहीत, घसारा नाही, थांबे नाहीत आणि ४,४०० मीटरची हवा नाही. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्केच असतो. मी सरळ दुप्पट धरतो. आठला निघालीस तर साडेबाराला खिंडीत. आणि उन्हाळ्यात डोंगरावर दुपार म्हणजे विजांची वेळ. सकाळभर उतार तापतात, तापलेली हवा उतारांवरून वर चढते, थंड होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे ढग होतात. दहाला कापसाच्या बोळ्याएवढा दिसलेला ढग दोनला डोक्यावर कोसळू शकतो.

वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत मोजायचं, तीन सेकंदांना एक किलोमीटर. आकडा तिसाच्या आत आला, तर आपण डोंगराच्या उघड्या धारेवर नको तितका वेळ थांबलो आहोत. खाली उतरायचं. एकट्या झाडाखाली नाही, उथळ गुहेच्या तोंडाशी नाही, आणि तिघींनी एकमेकींपासून अंतर ठेवायचं. भीती वाटेल तेव्हा नेमकं हेच जमत नाही. जवळ जवळ उभं राहावंसं वाटतं.

चौदाव्या दिवशी जो प्रवाह ओलांडायचा आहे, तो हिमनदीतून येतो. अशा पाण्याचं घड्याळ असतं. रात्री बर्फ वितळायचं मंदावतं, म्हणून पहाटे पाणी कमी असतं, आणि दिवसभराच्या उन्हाचं पाणी दुपारनंतर येऊन पोचतं. तुम्ही संध्याकाळी तिथे पोचणार आहात. अलीकडेच तंबू टाका. सकाळी तोच प्रवाह बघून तुम्हाला हसू येईल. पात्र जिथे रुंद होऊन फाटे फुटतात तिथून जा. अरुंद जागा सोपी दिसते, पण पाणी तिथेच खोल आणि जोराचं असतं. बूट पायात असू देत, आणि पाण्यात पाय घालण्याआधी सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेव. पडलीस तर सॅक सोडून देता आली पाहिजे. सॅक पुन्हा घेता येईल.

सॅकवरून आठवलं. परवा रात्री स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन तू टूथब्रशचा दांडा कापलास. आईला हसू आवरेना. मी काही बोललो नाही, कारण ६ ग्रॅम वाचवलेस हे खरंच आहे. मग त्याच सॅकमध्ये अर्ध्या किलोची पॉवर बँक घातलीस, तेव्हाही बोललो नाही. हलकं चालावं हे मलाही पटतं. एमा गेटवुड या आजींनी १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, अमेरिकेतला तीन हजार किलोमीटरहून लांब अॅपलेशियन ट्रेल एकटीने चालून पूर्ण केला. पायात कापडी बूट आणि खांद्यावर घरी शिवलेली एक पिशवी. तंबू नव्हता. पण त्या पिशवीतही पावसापासून बचावाला न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा होता. काय वगळायचं हे त्यांना कळत होतं, आणि काय वगळायचं नाही हेही. तू कोरड्या कपड्यांचा जोड यादीतून खोडला आहेस. मी तो परत लिहिलाय, ठळक अक्षरात. तो फक्त झोपताना घालायचा. सकाळी कितीही जिवावर आलं तरी ओलेच कपडे चढवून चालायला लागायचं.

बाकी बारीकसारीक. स्वच्छ दिसणारं पाणीही उकळल्याशिवाय प्यायचं नाही. दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं खळखळू द्या, कारण तिथे पाणी कमी तापमानालाच उकळतं. बर्फावर गॉगल काढायचा नाही, ढगाळ असलं तरी. टाच चुरचुरली की तिथल्या तिथे थांबून पट्टी लावायची, फोड आल्यावर नव्हे. शौचाला पाण्यापासून साठ-सत्तर पावलं तरी लांब जा, वीतभर खड्डा करा. हे तुला माहीत आहे, तरी लिहिलं, कारण बाप आहे.

निरोपाचं ठरवून टाकू. त्या सॅटेलाइटच्या यंत्रावरून रोज रात्री एक निरोप. खोल दरीत असाल तर जाणार नाही, आकाश उघडं लागतं, हे मी वाचून घेतलंय. त्यामुळे एक रात्र गप्प गेली तर मी काही करणार नाही. झोपणार नाही, पण काही करणारही नाही. दुसरी रात्रही तशीच गेली तर सकाळी बचाव पथकाला फोन करीन, आणि नंतर तू रागावलीस तरी हरकत नाही. यंत्र बंद पडलं तर डोंगरातला जुना इशारा लक्षात ठेव. मिनिटाला सहा वेळा शिट्टी किंवा टॉर्च, मग एक मिनिट थांबायचं, मग पुन्हा सहा. मिनिटाला तीन ऐकू आले की समजायचं, कुणीतरी उत्तर देतंय.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं, ते. तुझ्या या प्रवासाबद्दल आम्ही सगळ्यांना सांगून बसलोय. आईने नातेवाइकांत, मी ऑफिसात. सहा खिंडी, सहा खिंडी असं मीच चार वेळा बोललो असेन. ते आमचं आम्ही निस्तरू. तू तिसऱ्या खिंडीखालून परत फिरलीस, किंवा चौथ्या दिवशी घरी आलीस, तर दार उघडून मी "जेवलीस का" एवढंच विचारणार आहे. का परत आलीस हे विचारणार नाही, आणि आईलाही विचारू देणार नाही. आणि तिघींपैकी एक जण जरी म्हणाली, "आज इथेच राहू," तरी मतं मोजायची नाहीत.

हे लिहिण्याआधी काकाला फोन केला. त्याची परवानगी हवी होती. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सांग तिला. पण झिपचं विसरू नकोस." आज सकाळी त्याने एक पुडकं पाठवलं, त्यात लोकरीचे हातमोजे आहेत. नकाशासोबत ठेवलेत. मी वजन केलं, ९० ग्रॅम भरले. तुझ्या टूथब्रशचे ६ वजा करून घे आणि सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेव, तळाशी नको. खुणा सगळ्या पेन्सिलीने केल्या आहेत, रबरही आत टाकलाय.

तुझा,
बाबा