ताई, तुम्ही 'कधीकधी'चा अर्थ ओळखलात

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

गेल्या वर्षभरात दवाखान्यात, आहाराच्या सल्ल्यासाठी, तुमच्या टेबलासमोर मी सहा-सात वेळा बसलो असेन. दर वेळी उठताना 'थँक यू ताई' एवढंच पुटपुटलो आणि बाहेर पडलो. बोलायला लागलो असतो तर रडू आलं असतं, आणि दाराबाहेर माझा मुलगा बसलेला असायचा. म्हणून आता लिहितोय. सगळ्यांसमोर लिहितोय, कारण 'पथ्य पाळत नाही' असा शेरा फाइलवर घेऊन माझ्यासारखे बरेच जण आजही कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात बसलेले असतील. त्यांनी हे वाचावं आणि टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्यांनीही वाचावं. तुमचं नाव घेत नाही. तुम्हाला ते आवडायचं नाही.

माझी मधुमेहाची फाइल तुमच्याकडे आली तेव्हा तिच्यावर तोच शेरा होता. तीन महिन्यांत दोनदा साखर एकदम उतरून मी कामावर कोसळलो होतो. दुसऱ्या वेळी ती ४१ भरली. दवाखान्यात मात्र जेवणानंतरची साखर कधी ३००च्या वर निघायची. आणि एचबीएवनसी, म्हणजे मागच्या काही महिन्यांची साखर दाखवणारी रक्ततपासणी, ७.६, म्हणजे घाबरून जावं असं काही नाही. एकाने मला सरळ सुनावलं होतं, 'खाण्यापिण्याला काही ताळतंत्रच नाही तुमच्या.' मी मान खाली घालून ऐकून घेतलं. ताळतंत्र नव्हतं हे खरंच होतं. ते का नव्हतं, हे मात्र कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

तुम्ही पथ्याचा तक्ता काढला नाहीत. माझी साखरेची वही मागितलीत. भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढून वहीशेजारी ठेवलंत, लाल पेन घेतलंत आणि ७० च्या खालच्या प्रत्येक आकड्याभोवती गोल काढत गेलात. मी नुसता बघत होतो. तीन महिन्यांची पानं झाल्यावर तुम्ही वही माझ्याकडे फिरवलीत. जवळजवळ सगळे गोल २२ तारखेच्या पुढचे होते. मोठमोठे आकडे सगळे पहिल्या आठवड्यातले. तेव्हा तुम्ही म्हणालात की एचबीएवनसी ही साधारण तीन महिन्यांची सरासरी असते. महिन्याची सुरुवात फार वर आणि शेवट फार खाली असला, तर सरासरी बरी दिसते.

माझी भूक त्या सरासरीत झाकली गेली होती, ताई. मला स्वतःलाही ती इतकी स्पष्ट कधी दिसली नव्हती.

मग तुम्ही उठून दार लोटलंत, खुर्ची टेबलाच्या माझ्या बाजूला ओढलीत आणि पेनाला टोपण लावलंत. टोपण लावलेलं मला नीट आठवतंय, कारण त्याचा अर्थ मी असा घेतला की आता जे बोलू ते लिहिलं जाणार नाही. तुम्ही दोनच प्रश्न विचारलेत. गेल्या १२ महिन्यांत, पुन्हा पैसे हातात येण्याआधी घरातलं अन्न संपेल अशी काळजी वाटली का? आणि आणलेलं संपलं, आणखी आणायला पैसे नाहीत, असं खरोखर झालं का? नेहमी, कधीकधी, की कधीच नाही?

याआधी एका ठिकाणी असाच प्रश्न मला खिडकीवर विचारला होता. मागे रांग, काचेला बारीक भोक, आणि आतून मोठ्याने: 'घरी खायला असतं ना?' असतं, म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तुमच्यासमोर मी म्हणालो, 'कधीकधी.' खरं उत्तर 'नेहमी' होतं. तोंडातून ते निघेना. तुम्ही माझ्याकडे बघून शांतपणे सांगितलंत की या प्रश्नांत 'कधीकधी' आणि 'नेहमी' दोन्ही हो मध्येच धरतात, आणि दोनपैकी एकाला जरी हो आलं तरी पुढची मदत सुरू करायची असते. म्हणजे मी अर्धवट खरं बोललो तरी चालणार होतं. हे दोन प्रश्न अमेरिकेतल्या संशोधकांनी १८ प्रश्नांच्या मोठ्या यादीतून निवडून २०१० मध्ये मांडले, हे तुम्ही नंतर कधीतरी सांगितलंत. ज्यांनी त्यात 'कधीकधी'लाही हो मानायचं ठरवलं, त्यांना संकोच म्हणजे काय हे ठाऊक असणार.

मग मी सगळं सांगून टाकलं. गोदामात माल चढवायचं-उतरवायचं काम. जितके दिवस काम तितके पैसे, पण हातात येतात ते एक तारखेला. त्यातून आधी भाडं जातं, मग वीज, मुलांची फी, औषधं. भाडं कमी करून देता येत नाही, पोटाला मात्र चिमटा काढता येतो. पैसे आले की पहिला आठवडा आम्ही पोटभर खायचो, स्वस्तात पोट भरेल ते, म्हणजे पिठूळ आणि गोड. साखर चढायची. तिसरा आठवडा संपता संपता डबे रिकामे व्हायला लागायचे. मुलांना शाळेत दुपारचं जेवण मिळायचं, तो मोठा आधार होता. सुट्ट्या लागल्या की तोही जायचा. रात्री मी त्यांना वाढून द्यायचो आणि म्हणायचो, 'मी कामावरच खाऊन आलो.' धाकटी एकदा म्हणाली, 'बाबा, तुमच्या कामावर रोज जेवण असतं?' हो म्हणालो. आणि मग आत जाऊन इन्सुलिन घेतलं, कारण औषध चुकवायचं नाही हे मला बजावून सांगितलेलं होतं.

इथे तुम्ही मला थांबवलंत. आवाज चढवला नाहीत, पण चेहरा बदलला तुमचा. माझी गोळी आणि जेवणाआधीचं इन्सुलिन, दोन्ही पोटात जेवण येणार असं धरून काम करतात. जेवण आलंच नाही तरी ती साखर खाली ओढत राहतात. मी आज्ञाधारकपणे औषध घेत होतो म्हणूनच कोसळत होतो. पथ्य न पाळणारा म्हणून ज्याला बोलणी बसत होती, त्याच्या बाबतीत हे ऐकून मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. राग आला, आणि पहिल्यांदाच तो स्वतःवर नव्हता.

तुम्ही त्याच दिवशी मला घेऊन डॉक्टरांकडे गेलात. गोळी बदलली. मला कागदावर मोठ्या अक्षरात लिहून मिळालं: जेवण समोर आल्याशिवाय जेवणाआधीचं इंजेक्शन घ्यायचं नाही, रात्रीचं इंजेक्शन मात्र मनाने बंद करायचं नाही, खायला नसेल तर आधी फोन करायचा. साखर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम साखरेचं काहीतरी लगेच घ्यायचं आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. तो कागद अजून आमच्या कपाटाच्या दारावर आहे. मुलांनाही पाठ झालाय.

मला शरम वाटत होती हे तुमच्या लक्षात आलं असावं, म्हणून तुम्ही कॅलिफोर्नियाचं सांगितलंत. तिथल्या रुग्णालयांच्या २००० ते २००८ या वर्षांच्या नोंदी तपासल्या, तर गरीब वस्त्यांतून साखर उतरून दाखल होणाऱ्यांचं प्रमाण महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पहिल्या आठवड्यापेक्षा २७ टक्क्यांनी जास्त निघालं. सधन वस्त्यांत तसा चढ नव्हता. मी घरी जाताना तेवढाच आकडा घोकत होतो. जिथे मी कधी गेलो नाही, जाणारही नाही, तिथे माझ्यासारखीच माणसं २२ तारखेनंतर कोसळत होती. तो माझा ढिसाळपणा नव्हता.

तरी फूड बँकेची, म्हणजे गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या संस्थेची, चिठ्ठी तुम्ही पुढे केलीत तेव्हा मी हात मागे घेतला. माझे हातपाय धड आहेत, मी काम करतो, असं काहीतरी म्हणालो. तुम्ही वाद घातला नाहीत. डॉ. जॅक गायगर यांची गोष्ट सांगितलीत. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, माउंड बायू गावी त्यांनी सहकाऱ्यांसोबत गरीब काळ्या शेतमजुरांसाठी आरोग्य केंद्र उभं केलं. कुपोषित मुलं यायला लागली तेव्हा तिथले डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीवर अन्न लिहून देऊ लागले. दुकानदार ते द्यायचा आणि बिल केंद्राच्या औषधांच्या खात्यावर टाकायचा. वरून विचारणा झाली की औषधांच्या पैशांतून अन्न कसं? गायगर यांचं उत्तर असं की वैद्यकाच्या पुस्तकात कुपोषणावरचा उपचार अन्न हाच दिलेला आहे. हे सांगून तुम्ही ती चिठ्ठी माझ्या औषधांच्या कागदाला टाचणीने जोडलीत. एकच गठ्ठा. मग मी घेतला.

पण माझ्या मते तुमचं सगळ्यात मोठं काम पुढचं आहे, आणि ते कुणाच्या नजरेत भरणार नाही. फूड बँक पेटी द्यायची महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. तुम्ही फोन करून माझी तारीख २० करून घेतलीत. पेटी तीच, सामान तेवढंच. पण आधी मिळाली असती तर ती भरल्या घरात आली असती. आता ती बरोबर गोल सुरू व्हायच्या दोन दिवस आधी यायला लागली. अन्नाच्या योजना आखणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे की किती द्यायचं यावर जेवढा खल करता, त्याच्या निम्मा तरी कधी द्यायचं यावर करा.

पहिली पेटी घेऊन मी तुमच्याकडे आलो होतो, आठवतं? तुमची दुपारची सुट्टी होती. तुम्ही एकेक डबा बाहेर काढलात. हवाबंद डब्यातली कडधान्यं वाहत्या पाण्याखाली चांगली धुवायची, मिठाचा बराच भाग निघून जातो. पाकातल्या फळांतला पाक निथळून टाकायचा. एक डबा मात्र न फोडता उशाशी ठेवायचा, रात्री साखर उतरलीच तर तो उपयोगी. पांढऱ्या पिठाचं एकट्याने खायचं नाही, सोबत कडधान्य घ्यायचं. नाही त्या गोष्टींची यादी मला पूर्वी खूप जणांनी दिली होती: हिरव्या भाज्या खा, सुकामेवा खा, ताजी फळं खा. आहे त्यात कसं भागवायचं हे तुम्ही शिकवलंत. पानं बघून मी ज्याला हात लावला नव्हता, तो अन्नमदतीचा सरकारी अर्जही तुम्हीच माझ्या शेजारी बसून भरून घेतलात. मंजूर व्हायला वेळ लागला, पण झाला.

नंतर मी थोडं वाचलं. जगातली भूक मोजायला संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आठ प्रश्न विचारते. शेवटचा प्रश्न दिवसभर उपाशी राहिलात का, असा आहे. पण पहिला उपाशीपणाचा नाहीच. पुरेसं खायला मिळणार नाही अशी काळजी वाटली का, एवढाच आहे. त्याच्यापुढचे पौष्टिक अन्न परवडलं नाही, तेच ते खावं लागलं, मग जेवण चुकवलं, असे चढत जातात. मी ते प्रश्न एकेक करून स्वतःला लावून बघितले. सातव्यापर्यंत पोचलो होतो, आणि तरी आपण काही उपाशी नाही, असंच स्वतःला सांगत होतो. पोट सुटलेल्या माणसाला उपाशी कोण म्हणणार? स्वस्तातलं पिठूळ खाऊन अंग सुटतं आणि त्याच अंगाला पोषण मिळत नाही, हेही तुमच्याकडूनच कळलं.

एक गोष्ट मात्र तुमच्या मताविरुद्ध लिहितो, राग मानू नका. पेटी मिळाल्यावर तुम्ही म्हणालात, 'आता काळजी मिटली.' नाही मिटली. अमेरिकेत जॉन व्हॅन हेंगेल यांनी १९६७ मध्ये फीनिक्स शहरात पहिली फूड बँक काढली, ती वाया जाणारं अन्न उपाशी माणसांपर्यंत पोचावं म्हणून. ते फार मोलाचं काम आहे. मी आता स्वतः सुट्टीच्या दिवशी पेट्या भरायला जातो. पण पेटीने भाडं भरलं जात नाही आणि कामाचे दिवस वाढत नाहीत. पूर्ण दिवस काम करणाऱ्या माणसाला महिनाअखेर मुलांशी खोटं बोलावं लागू नये, एवढी तरी मजुरी हवी. ते तुमच्या हातात नाही हे मला कळतं. तुमच्या हातात होतं ते सगळं तुम्ही केलंत.

गेल्या महिन्यात पेट्या वाटताना एक बाई आल्या. अर्जावर 'कधीकधी'वर खूण करून त्यांनी कागद उलटा करून ठेवला. मी काही विचारलं नाही. त्यांची तारीख कुठली सोयीची, एवढंच विचारलं, आणि त्यांनी लगेच सांगितली. २५.

पुढच्या तपासणीला वही घेऊन येतोच आहे. चार महिन्यांत लाल पेनाने गोल करावा असा एकच आकडा आहे, ६२, तोही १० तारखेचा, गाडी उशिरा आली आणि जेवायला उशीर झाला त्या दिवसाचा. त्या रात्री घरी पोचलो तेव्हा धाकटी माझं ताट वाढून शेजारी बसून होती. म्हणाली, 'तुम्ही आता कामावर जेवत नाही ना?' नाही, म्हणालो.

आपला ऋणी,
लाल गोलांच्या वहीवाला