नदीकाठाची साफसफाई थोडी थांबू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाचा जोर ओसरला की नदीकाठ ‘स्वच्छ’ करण्याच्या मोहिमा निघतात आणि त्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांतून झळकतात. जलपर्णी काढलीच पाहिजे, याविषयी दुमत नाही. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती पात्र झाकून टाकते आणि खालच्या पाण्यातला प्राणवायू घटवते. परंतु जे यंत्र जलपर्णी उपसते तेच पुढे काठावर चढते आणि कास, शेरणी, टाकळा असे सारे सरसकट खरवडून नेते. तेही भाद्रपद-आश्विनात, म्हणजे काठावरच्या जिवांची वर्दळ ऐन भरात असताना. माझा आक्षेप आहे तो याला.

कास गवताचेच पाहा. सह्याद्रीत उगम पावून पठारावरून पूर्वेकडे जाणाऱ्या नद्यांच्या काठी या दिवसांत त्याचे पांढरे तुरे दिसू लागतात. जमिनीखाली दूरवर पसरणाऱ्या खोडांमुळे हे गवत पुराने आणून टाकलेला गाळ धरून ठेवते, त्यामुळे ते उपटले की पुढच्या पावसात काठ ढासळायला वेळ लागत नाही. शिवाय ते उसाचे सख्खे भाऊबंद आहे. कोइम्बतूर येथे उसाचा या गवताशी संकर करून तयार केलेला ‘को २०५’ हा वाण १९१८ मध्ये शेतकऱ्यांना मिळाला आणि आजचा लागवडीचा ऊसही बहुतांशी अशाच संकरांच्या वंशातला आहे. साखरेवर उभ्या राहिलेल्या प्रदेशाने या गवताला कचरा म्हणावे, हे जरा अतिच झाले.

त्याच काठच्या बाभळींवर सुगरणीच्या उशिराच्या विणी सप्टेंबरातही चालू असतात. नर गवताच्या पात्याला कडेने चोचीने खाच पाडतो आणि पट्टी तोंडात धरून उडतो, की ती लांबलचक सोलून निघते. अशा असंख्य पट्ट्यांचे घरटे तो विणतो. ते पसंत करायचे की नाही, हे मात्र मादी ठरवते. खाली टाकळ्यावर ‘भटक्या’ नावाच्या फुलपाखरांची हिरवी अळी पानाच्या मधल्या शिरेवर पडून असते. नजर सरावल्याशिवाय ती दिसत नाही, यंत्र चालवणाऱ्याला तर नाहीच नाही. याच सुमारास उत्तरेकडून आलेला करडा धोबी हा पक्षी शेपटी हलवत खडकांवर किडे टिपू लागतो. पिवळसर चतुरांचे थवेही दिसतात. त्यांतील एक जात पुढे वाऱ्यावर स्वार होऊन मालदीवमार्गे आफ्रिकेकडे जाते, असे अभ्यासक मानतात. पाणी उतरले की कवड्या धीवर हा मासे टिपणारा पक्षी मातीच्या उभ्या दरडीत घरट्यासाठी बिळे कोरतो. त्या दरडीला दगडांचे अस्तर केले, तर बीळ कोरणार कशात?

तेव्हा संबंधित यंत्रणांना माझी विनंती आहे की, जलपर्णी पाण्यातूनच काढावी आणि काठावरील गवत त्याचे बी झडेपर्यंत, निदान कार्तिक संपेपर्यंत, कापू नये. प्लास्टिक आणि निर्माल्य हातांनी वेचता येते, त्यासाठी यंत्राची गरज नाही. कामाचा आराखडा ठरवताना वनस्पतींची जाण असलेली एखादी व्यक्ती सोबत घ्यावी आणि मातीच्या उभ्या दरडी त्यात आधीच वगळलेल्या असाव्यात.

कळावे,
एक वाचक