इन्सुलिनचं वजन करून काय कळतं

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

प्रोटीन टिकाऊ आहे की नाही हे त्याच्या वजनावरून कसं कळतं, असं बाबांनी विचारलं होतं. फोनवर ते नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते. उदाहरण बाबांच्या इन्सुलिनचंच घेते.

इन्सुलिन म्हणजे ५१ अमिनो आम्लांचं छोटं प्रोटीन. वजन सुमारे ५८०८ डाल्टन (एक डाल्टन म्हणजे साधारण एका हायड्रोजन अणूचं वजन). त्याच्या दोन साखळ्यांत जवळजवळ प्रत्येक सांध्यावर नायट्रोजनला धरून एक हायड्रोजन असतो. इन्सुलिन जड पाण्यात (आपल्या अलिबागजवळ थळला बनतं तेच पाणी) घातलं की हे हायड्रोजन सुटतात आणि त्यांच्या जागी त्या पाण्यातलं ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, येतं. दर अदलाबदलीला वजन एका डाल्टनने वाढतं. जिथे साखळीची घडी सैल, तिथे हे काही सेकंदांत होतं. जिथे घट्ट, तिथे तास न् तास लागतात. कुठला तुकडा किती वेळात किती जड झाला, यावरून रेणू कुठे पक्का आणि कुठे ढिला ते समजतं. ही पद्धत १९५० च्या दशकात कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत लिंडरस्ट्रॉम-लांग यांनी सुरू केली. रेणूंचं वजन करायला मास स्पेक्ट्रोमीटर हे मशीन पुष्कळ नंतर आलं.

कृती सोपी आहे, पण चुकायला जागा फार. ५ मायक्रोलिटर इन्सुलिनमध्ये ४५ मायक्रोलिटर जड पाण्याचं बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) मिसळायचं. मग १० सेकंद, १ मिनिट, १० मिनिटं, १ तास, ४ तास अशा टप्प्यांवर नमुना घेऊन त्यात बर्फागार आम्ल घालायचं. पीएच २.५ आणि तापमान शून्य अंश असलं की अदलाबदल जवळजवळ थांबते. पुढे पेप्सिन या पोटातल्या एन्झाइमने प्रोटीनचे तुकडे करायचे, कारण ते इतक्या आम्लातही काम करतं. तुकडे वेगळे करून मशीनमध्ये सोडेपर्यंत सगळं थंडच ठेवायचं आणि दहा-पंधरा मिनिटांत संपवायचं. तरीही घेतलेल्या ड्युटेरियमपैकी वीस-तीस टक्के परत निसटतं. त्यामुळे पूर्ण ड्युटेरियम भरलेला एक नमुना तुलनेसाठी चालवावाच लागतो.

पीएचमध्ये तर जराही हयगय चालत नाही. जड पाण्याच्या बफरचा पीएच ०.१ ने जरी सरकला तरी वेग पंचवीस टक्क्यांनी बदलतो, आणि मग दोन दिवसांचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. बाटली उघडी राहिली तर जड पाणी हवेतली साधी वाफ ओढून घेतं, तो घोळ वेगळाच.

इन्सुलिनच्या आणखी तीन अडचणी. पेनात सहा-सहा रेणू जस्ताभोवती एकत्र बांधलेले असतात. दहापट पातळ केलं की ही मोळी सुटायला लागते आणि आपण भलतंच मोजत बसतो. म्हणून जड पाण्याच्या बफरमध्येही तेवढंच जस्त आणि मेटाक्रेसॉल (इन्सुलिनमधलं परिरक्षक) घालते. (इंजेक्शनला जो औषधी वास येतो, तो मेटाक्रेसॉलचा.) दुसरी, साखळ्यांना जखडणारे तीन गंधकबंध. ते तोडल्याशिवाय पेप्सिनला पुरेसे तुकडे करता येत नाहीत. ते तोडायला आम्लात चालणारं टीसेप हे रसायन वापरते, पण थंडीत ते सावकाश काम करतं आणि थांबावं तर ड्युटेरियम जातं.

तिसरी अडचण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. इन्सुलिन जुनं झालं की दुसऱ्या साखळीतल्या तिसऱ्या जागचं अमिनो आम्ल अ‍ॅस्परजिन बदलतं आणि वजन ०.९८४ डाल्टनने वाढतं. ड्युटेरियममुळे वाढतं १.००६. मशीनच्या पडद्यावरच्या वजनाच्या आलेखात दोन्ही शिखरं जवळपास एकाच जागी दिसतात, त्यामुळे म्हातारा झालेला रेणू सैल झाल्याचा भास होतो. साध्या पाण्यातला नमुना आधी चालवला तरच फरक कळतो: तिथे ड्युटेरियम नाही, म्हणजे सरकलेलं शिखर वयाचंच.

घरी एवढं पाळा. मोळीतून सुटलेले एकटे रेणू उष्णतेने आणि हलवण्याने उलगडतात, एकमेकांना चिकटून त्यांचे तंतू होतात आणि ते इन्सुलिन निरुपयोगी होतं. न उघडलेली पेनं फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवा, बर्फाच्या कप्प्याला लागून नको. गोठलेलं इन्सुलिन वितळून स्वच्छ दिसलं तरी बाबांना देऊ नकोस, आई. चालू पेन किती दिवस बाहेर ठेवायचं ते खोक्यातल्या पत्रकात असतं, बहुतेकांचं २८ दिवस आणि ३० अंशांच्या आत. तेव्हा मे महिन्यात ते गच्चीकडच्या खोलीत ठेवू नका. बाबांच्या पेनाचं नाव मला कळवा.

तुमची लेक