वर्धा ‘अ’ वर्गात राहील का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वर्धा हे जिल्ह्याचे मुख्यालय, म्हणून नगरपरिषद ‘अ’ वर्गाची, असा समज सर्रास ऐकू येतो. तो चुकीचा आहे. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात वर्ग ठरतो तो केवळ लोकसंख्येवर. १ लाखाच्या वर ‘अ’, ४० हजारांच्या वर ते १ लाखापर्यंत ‘ब’, त्याखाली ‘क’. म्हणूनच गडचिरोली जिल्ह्याचे ठिकाण असूनही (५४,१५२) ‘ब’मध्ये आणि अचलपूर तालुक्याचे गाव असूनही (१,१२,३११) ‘अ’मध्ये बसते. हे आकडे २०११ च्या जनगणनेचे.

वर्ध्याची लोकसंख्या २००१ मध्ये १ लाख ११ हजारांच्या आसपास होती, २०११ मध्ये १ लाख ६ हजारांवर आली. शहर ओस पडले नाही, ते हद्दीबाहेर वाढले. पिपरी मेघे, सिंदी मेघे, बोरगाव मेघे, सावंगी मेघे या भागात शेते अकृषक होऊन ले-आऊट पडले, प्लॉट शहरापेक्षा स्वस्त मिळाले. तिथल्या घराच्या पत्त्यात ‘वर्धा’, बाजार वर्ध्याचा, मुलांची शिकवणी वर्ध्यात. पण घराचा नमुना ८ (घरकर आकारणीचा उतारा) ग्रामपंचायतीचा. जनगणनेचा प्रगणक पत्ता बघत नाही, नकाशावरची हद्द बघतो.

अधिनियमात लोकसंख्या म्हणजे शेवटच्या प्रसिद्ध जनगणनेचा आकडा. मतदारयादी किंवा अंदाज तिथे चालत नाही. येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि त्यासाठी हद्दी ३१ डिसेंबर २०२५ लाच गोठवल्या गेल्या. म्हणजे या खेपेला बाहेरची माणसे बाहेरच मोजली जाणार. १ लाखाची रेघ जेमतेम ६ हजारांवर आहे. आकडा तिच्याखाली गेला तर ‘अ’ वर्गावर आणि त्यासोबत मंजूर पदांच्या आकृतिबंधावर गदा येऊ शकते. ही काळजी आताच करायला हवी.

या खेपेला हद्दी गोठल्या असल्या, तरी पुढच्यासाठी हद्दवाढीचा प्रस्ताव आजपासून तयार ठेवता येतो. नुसती गावांची नावे लिहून भागत नाही. सर्व्हे नंबरनिहाय यादी, चतुःसीमा आणि नकाशा एकमेकांशी जुळला पाहिजे. एक नंबर इकडेतिकडे झाला की हरकत येते आणि फाईल परत फिरते. शासनाने उद्घोषणा काढल्यावर ३० दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे कारणांसह लेखी हरकत देता येते. चौकातल्या सभेतला विरोध तिथे नोंदला जात नाही. गावकऱ्यांची भीती मात्र खरी आहे. रोजगार हमीची कामे बंद होतात, ग्रामीण घरकुलाची यादी थांबते, घरकर वाढतो. नळ, नाली, रस्ता कोणत्या वर्षी मिळेल हे नगरपरिषदेने ठरावातच लिहून दिले, तर निम्मा विरोध मावळेल.

हद्दीच्या आतली मोजणीतली गळती तरी या खेपेला थांबवता येईल. दिवसभर कुलूप असलेल्या घरी प्रगणकाला पुन्हा यावे लागते. शेजाऱ्यांनी परतायची वेळ सांगावी. वर्ध्यात वसतिगृहात राहणारी मुले वसतिगृहातच मोजली जातात. तेव्हा कारंजा, आष्टी, समुद्रपूरकडच्या आईवडिलांनी त्यांची नावे गावच्या घरात सांगू नयेत.

– एक वाचक, सेलू (जि. वर्धा)