धुऱ्यावरचा लसूण आणि हरणे

किंग्स्टन, न्यूयॉर्क राज्य
दि. ३ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप बाबा व सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी बाबांनी फोनवर विचारले होते, की यंदा ओढ्याकडच्या वावरात हरभऱ्याच्या चारही धुऱ्यांवर (बांधांवर) लसूण टोकला तर त्याच्या वासाने रोही (नीलगायी) आत येणार नाहीत असे गावात कोणी सांगत आहे, तर तुझा काय अनुभव. "लिहून कळवते" एवढेच मी तेव्हा म्हणाले, कारण उत्तर हो किंवा नाही एवढ्यात बसणारे नव्हते, आणि लसणाचे बियाणे स्वस्त नाही. ऑक्टोबरपर्यंत तुम्हाला विचार करायला अवधी मिळावा म्हणून हे सविस्तर पत्र.

आमचे घर हडसन नदीच्या खोऱ्यात आहे आणि मागच्या अंगणाला लागूनच रान सुरू होते. इथल्या हरणांची शेपटी खालून पांढरीशुभ्र असते आणि पळताना ती निशाणासारखी वर उभी राहते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी शिकारीमुळे ही हरणे फार थोडी उरली होती. पुढे शिकारीचे नियम कडक झाले, लांडगे तर आधीच संपलेले होते, आणि पडीक शेतांवर पुन्हा झाडी वाढली, त्यामुळे आता ती गावातल्या रस्त्यांवरूनही निवांत फिरतात. त्यांना खायला घालण्यास या राज्यात बंदी आहे, पण आपल्या वाफ्यातले न विचारता खातात त्याला बंदी कोण घालणार! पालक, वाल, बीटची पाने, स्ट्रॉबेरी, काहीही चालते. पाने कोणी खाल्ली हे आता मला लगेच ओळखू येते. सशाने खाल्लेला देठ विळ्याने कापल्यासारखा स्वच्छ तिरका असतो. हरणाला आपल्या गाईसारखेच वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे ते ओढून तोडते आणि देठाचे टोक चिंधीसारखे लोंबत राहते.

पहिल्या वर्षी, २०२२ च्या ऑक्टोबरात, मी दुकानात खायला मिळतो तोच लसूण लावला होता आणि बर्फ वितळेपर्यंत त्यातल्या निम्म्याहून अधिक पाकळ्या जमिनीतच कुजल्या. नंतर समजले, की इथल्या थंडीला ताठ दांड्याचा लसूण लागतो. त्याच्या गड्ड्याच्या मधोमध काडीसारखा कडक दांडा असतो आणि भोवती एकाच वेढ्यात चार ते सहा मोठ्या पाकळ्या असतात. आपल्या श्वेता किंवा गोदावरीसारख्या वाणांत पाकळ्या लहान आणि पुष्कळ, इथे अगदी उलट. मी लावते त्या वाणाचे नाव म्युझिक. इटलीतून कॅनडात आणि तिथून इकडे पसरलेला हा वाण आहे. सॉगर्टीज या शेजारच्या गावी १९८९ पासून लसणाची जत्रा भरत आली आहे, तिथेच एका शेतकऱ्याकडून बियाणे घेतले आणि चार गोष्टी विचारूनही घेतल्या.

आई, तुला लागवडीचे नवल वाटेल. आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात टोकलेला लसूण मार्चमध्ये निघतो. इथे ऑक्टोबरच्या मध्यावर लावलेला जुलैत निघतो, म्हणजे पुरते नऊ महिने. पाकळी बुडखा खाली करून दोन इंच खोल, दोन पाकळ्यांत सहा इंच अंतर, आणि वर सहा इंच गव्हाच्या पेंढ्याचे आच्छादन, म्हणजे जमीन गोठून फुगते तेव्हा पाकळी वर उचलली जात नाही. हिवाळाभर सारे निपचित असते. पण ही थंडी त्याला हवीच असते, काही आठवडे गारठा मिळाला नाही तर गड्ड्यात पाकळ्या सुट्या होत नाहीत आणि कांद्यासारखा एकच गोळा हाती येतो. जूनमध्ये मधला फुलदांडा वर येऊन वेटोळे घेतो. तो खुडला की झाडाची शक्ती गड्ड्याकडे जाते, आणि खुडलेल्या कोवळ्या दांड्यांचा मी भाजलेले शेंगदाणे आणि हिरवी मिरची घालून ठेचा करते. ओजसला भाकरीबरोबर दुसरे काही लागत नाही.

आता मुख्य प्रश्न. बाबांच्या मनात आहे तोच प्रयोग मी नकळत करून बसले आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात एका वाफ्याच्या चारही कडांनी लसणाची ओळ लावली आणि पुढच्या मे महिन्यात मधल्या जागेत पालक आणि वालाच्या शेंगा लावल्या. लसूण कमरेच्या खालपर्यंत उंच, दाट, हिरवागार होता. त्याहून चांगले कुंपण मला सुचले नसते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिले, तर एक हरिणी लसणाच्या ओळीबाहेर उभी राहून मान आत घालून वालाचे शेंडे खात होती. लसणाची पाने तिच्या छातीला लागत होती, पण तिला त्याचे काही नव्हते. तिच्यामागे अंगावर पांढरे ठिपके असलेले पाडस होते. त्याने लसणाचे एक पान तोंडात धरले, दोनदा चावले, मान जोराने झटकली आणि पान टाकून दिले. मग ते आईच्या पोटाखालून पुढे आले आणि पालक खाऊ लागले. आठ दिवसांत वाल संपला. लसूण मात्र जवळजवळ जसाच्या तसा उभा होता.

म्हणजे लसूण स्वतःला वाचवतो, शेजाऱ्याला वाचवत नाही. असे का, याचा मी पुष्कळ विचार केला आणि कारण आईच्या स्वयंपाकघरातच सापडले. शिंक्यातल्या अख्ख्या गड्ड्याला जवळ जाऊनही फारसा वास येत नाही. पाकळी ठेचली की घरभर पसरतो. लसणाच्या पेशीत ॲलीन हे द्रव्य एका कप्प्यात असते आणि ते बदलणारे विकर (एन्झाइम) दुसऱ्या कप्प्यात. पेशी फुटली की दोन्ही एकत्र येतात आणि तेव्हाच तो झोंबणारा ॲलिसिन तयार होतो. उभे, न दुखावलेले झाड वाऱ्यावर फारसा वास सोडतच नाही. जनावराने चावल्यावर त्याला चव कळते, तोवर ते वावरात शिरलेले असते. जे थोडेफार दबकते तेही चार दिवसांत सरावते, जसे आपल्या बुजगावण्याला सरावते.

शिवाय धुऱ्यावरच्या बाबतीत आणखी एक अडचण दिसते. हरभरा कोवळा असल्यापासूनच रोही तो खाते. त्याच सुमारास टोकलेला लसूण तेव्हा जेमतेम वीतभर असणार. त्याला ओलांडायला रोह्याला पाय उचलण्याचेही कष्ट नाहीत. आमची हरणे पन्नास ते शंभर किलोंची. नर रोही दोनशे किलोंच्या पुढे जाते आणि मुळात ते हरीण नव्हे, त्यामुळे माझा अनुभव रोह्याला तंतोतंत लागू होईल असे मी म्हणणार नाही. पण जे हरणाला अडवू शकले नाही, ते रोह्याला अडवील असे मला अजिबात वाटत नाही.

लसणाला हरीण मुळीच तोंड लावत नाही, असेही समजू नका. यंदा एप्रिलच्या सुरुवातीला, रानात अजून एकही हिरवे पान नसताना, पेंढ्यातून वर आलेले लसणाचे कोंब हाच आसपासचा एकमेव हिरवा चारा होता. एका सकाळी वाफ्यावर गेले तर पेंढा विस्कटलेला, ओल्या मातीत बदामाच्या आकाराचे खूर खोल रुतलेले, आणि सात रोपे मुळांसकट उपटून बाजूला पडलेली. प्रत्येकाचे फक्त दोन बोटे टोक चावलेले होते. मुळे अजून पांढरी आणि ओलसर होती, त्यामुळे तशीच परत दाबून लावली. त्यातली पाच जगली, पण त्यांचे गड्डे सुपारीपेक्षा फार मोठे झाले नाहीत. खाण्यापेक्षा तुडवल्याने आणि उपटल्याने अधिक नुकसान होते.

त्या दिवसापासून मी उपायांचा शोध संपवला आणि कुंपण केले. त्याआधी अंड्याचे कुजके द्रावण फवारून पाहिले होते. वासाने हरणे काही दिवस दूर राहतात खरी, पण प्रत्येक पावसानंतर पुन्हा फवारावे लागते आणि भाजी खाण्याची इच्छा आपलीच मरते. साबणाच्या वड्या टांगल्या, त्याचा काही उपयोग झाला नाही. आपल्याकडे डुकरांसाठी न्हाव्याकडचे केस टाकतात, त्याचीही तीच गत, नाही का?

कुंपणाची उंची हाच खरा मुद्दा आहे. ही हरणे सात-साडेसात फूट सहज उडी मारतात, म्हणून आठ फुटांच्या खांबांना प्लास्टिकची जाळी लावली. खालची कड जमिनीला आकड्यांनी घट्ट ठोकली, कारण वीतभर फट असली तरी ती उडी मारण्याऐवजी खालून सरपटतात. काळी जाळी त्यांना अंधारात दिसत नाही आणि ती थेट येऊन धडकतात. हे कळल्यावर आईने दिलेल्या त्या दोन जुन्या सुती साड्यांच्या पट्ट्या फाडून छातीच्या उंचीवर बांधल्या. आई, रागावू नकोस, दोन्हींचे काठ विरले होते. पऱ्हाटीभोवती बाबा साड्या बांधत, तेच मनात होते. मे महिन्यापासून आजपर्यंत एकही हरीण आत आलेले नाही. १२० पाकळ्यांतून १११ गड्डे मिळाले, सव्वासहा किलो भरले, आणि आता ते पडवीत सावलीला तीन आठवडे वाळत टांगले आहेत.

एवढ्या मोठ्या वावराला आठ फुटी जाळी परवडणार नाही, हे मला समजते. तिथे सौर झटका मशीनच योग्य, म्हणजे वावराभोवतीच्या तारेत हलका झटका सोडणारे यंत्र. इथले काही शेतकरी तारेला पत्र्याचा तुकडा अडकवून त्यावर शेंगदाण्याचे लोणी लावतात; हरीण चाटायला येते, नाकाला झटका बसतो आणि ते त्या तारेपासून कायमचे दूर राहते. नुसती तार असेल तर अंगावरच्या केसांमुळे झटका नीट लागत नाही. रोह्यासाठी गुळाचे पाणी लावून पाहता येईल. पण बाबा, काही झाले तरी घरच्या लाईनची वीज तारेत सोडायची नाही, कोणी कितीही सोपे आहे म्हणून सांगितले तरी. दरवर्षी त्याने माणसे जातात, आणि रात्री जागलीला तुम्हीच त्या धुऱ्यावरून चालता. अनुदानाची चौकशी वनविभागाच्या कार्यालयात एकदा करून घ्या.

माझी काळजी करू नका. हरणांबरोबर इथे खसखशीएवढी बारीक गोचीड येते आणि तिच्यामुळे लाईम नावाचा ताप होतो. कनेक्टिकटमधल्या ज्या गावाच्या परिसरात तो १९७५ च्या सुमारास लक्षात आला, त्याचे नाव त्याला पडले आहे. वाफ्यातून आल्यावर ओजसचे आणि माझे पाय, गुडघ्यामागची जागा, कानामागे, सारे रोज तपासते. मोजे पँटवर ओढून घेतल्याशिवाय आम्ही त्या बाजूला जात नाही.

लसूण मात्र जरूर लावा. विहिरीजवळच्या दोन गुंठ्यांत, घरासाठी आणि थोडा विकायला. मागच्या वर्षी भाव किती चढला होता ते आठवतेच. बियाण्यासाठी राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाच्या भीमा ओंकार किंवा भीमा पर्पल या वाणांची चौकशी करा, आणि मोठ्या पाकळ्याच निवडा.

ओढ्याकडच्या बाजूची लांबी पावलांनी न मोजता टेपने मोजून कळवा, आणि रोही नेमकी कोणत्या जागेतून शिरतात तेही लिहा. झटका मशीनच्या पैशांचे मी पाहते.

आपली,
वैशाली